काकांची जुनी गिटार, तडकलेलं लॅकर आणि तोंडावर आलेला पावसाळा

अबोली | २१ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये माझे मोठे काका गेले. दिवसकार्य आटोपल्यावर काकूने त्यांची गिटार माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुझ्याशिवाय हिला कोण विचारणार?" काका १९६७ मध्ये शिकायला मिशिगनला गेले होते. तिथे एका विद्यार्थ्याकडून त्यांनी ही जुनी घेतली आणि १९७२ मध्ये परतताना बरोबर आणली. गिब्सन या अमेरिकन कंपनीची जे-४५. तेव्हापासून ती पुण्यात, सदाशिव पेठेतल्या त्यांच्या घरात होती. आता ठाण्यात माझ्याकडे आली आहे.

अवस्था सांगते. पुढच्या पाटीवर कडेने लाल आणि मधे पिवळा असा रंग आहे, पण लाल उडून फिक्या चहासारखा झालाय. सगळ्या पाटीवर बारीक रेषा आहेत, जुन्या चिनीमातीच्या बशीवर असतात तशा. भोकाच्या खालच्या बाजूला लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत थर, गेलंय, लाकूड उघडं आहे. मानेची मागची बाजू हाताला चिकट लागते. पाठीवर पांढरट पापुद्र्यासारखं काही आहे. केसमध्ये, म्हणजे गिटारीच्या पेटीत, डांबर गोळ्या होत्या आणि गिटार गळ्यात अडकवायचा एक रेक्झिनचा पट्टा गुंडाळून ठेवलेला होता. पट्टा जिथे टेकला होता तिथे त्याचा ठसा उमटलाय.

आमच्याकडे फर्निचरचं पॉलिश करायला येतात त्यांना दाखवली. ते म्हणाले, पूर्ण घासून एनसी लॅकरचे तीन हात मारू, नवीकोरी दिसेल. मी जवळजवळ हो म्हटलं होतं, पण रात्री झोप लागेना. काय करू?

लाकूडवेडा | २१ मे, रात्री १०:०५

आधी त्यांना नाही म्हणून कळवा. आत्ताच. बाकीचं सावकाश बोलू.

लाकूडवेडा | २१ मे, रात्री ११:२०

जरा घाईत लिहिलं, आता नीट लिहितो. मी नाशिकला गिटारी दुरुस्त करतो, वीसेक वर्षं झाली.

तुमच्या गिटारीवर नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे, त्यालाच एनसी म्हणतात. त्या काळात गिब्सनच्या कालामाझूच्या कारखान्यात तेच वापरत, आणि कालामाझू मिशिगनमध्येच आहे. म्हणजे काकांनी ती तिच्या जन्मगावाजवळच घेतली म्हणायची. या लॅकरचा थर फार पातळ असतो. तो घासला की त्याच्याबरोबर लाल-पिवळा रंगही जातो, कारण रंग लाकडात फार खोल नसतो, बराचसा लॅकरच्या थरांमध्येच असतो. एकदा गेला की कुणालाही परत आणता येत नाही. जुन्या गिटारींच्या बाजारात पूर्ण नव्याने लॅकर मारलेल्या वाद्याला साधारण निम्मी किंमत येते. तुम्ही ती विकणार नाही हे मला कळतं, पण जाणकार निम्मी किंमत देतात ती कशामुळे, याचा विचार करा.

उद्या दोन गोष्टी करा. मान जिथे डोक्याला मिळते तिथे तारा ज्या पट्टीवरून जातात तिची रुंदी मोजून सांगा. आणि खिडकीच्या उजेडात गिटार तिरकी धरून पाटीवरच्या रेषा आडव्या आहेत की उभ्या ते बघा. आडव्या म्हणजे तारांना छेदणाऱ्या.

दर्यावर्दी | २२ मे, सकाळी ७:१५

लाकूडवेडा यांचं ऐक, अबोली. मी मडगावचा. माझ्या वडिलांची बारा तारांची गिटार होती, साठच्या दशकातली. फातोर्ड्याच्या लग्नांत, फेस्तांत वाजलेली. १९९८ मध्ये मी ती एकाकडे पॉलिशला दिली. त्याने प्रामाणिकपणे काम केलं, मशीनने घासून मेलामाईनचे जाड थर चढवले. आरशासारखी चमकायची. पण वाजवली तर आवाज कुणी आत उशी कोंबल्यासारखा. वडिलांनी दोन मिनिटं वाजवून खाली ठेवली. काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी तिला हात लावला नाही. त्यांच्या अंगठ्याने झिजलेली मानेवरची जागा होती, तीही मीच घालवली.

रसायनी | २२ मे, सकाळी ८:५० (न्यू जर्सीहून, इथे रात्र आहे)

रसायनशास्त्र हा माझा पोटापाण्याचा विषय, म्हणून थोडं खोलात लिहिते. काय घडतंय ते समजलं की काय टाळायचं ते आपोआप कळतं.

कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. १८४६ च्या सुमारास शोनबाइनने ते केलं ते स्फोटक म्हणून. त्यातच कापूर मिसळला की सेल्युलॉइड. जुने कंगवे, टेबल टेनिसचे चेंडू, मूकपटांच्या फिती, सगळे याच कुळातले. पुण्यात २००३ साली फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आग लागून जुन्या फिती जळाल्या, त्या नायट्रेटच्याच होत्या. घाबरू नका, गिटारीवरचा पातळ थर आपणहून पेट घेत नाही. पण निरांजन, उदबत्ती तिच्या शेजारी नको.

नुसतं नायट्रोसेल्युलोज काचेसारखं ठिसूळ असतं. ते लवचिक राहावं म्हणून त्यात मऊपणा आणणारं द्रव्य घालतात. पूर्वी एरंडेल, कापूर वापरत, पुढे इतर रसायनं आली. हे द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातं. लॅकर आकसतं, कडक होतं, पिवळं पडतं. साठ वर्षांनी तुमच्या गिटारीवर जे उरलंय ते बरंचसं कडक आणि ताणलेलं आहे. खालचं लाकूड मात्र ओलाव्याने फुगतं, कोरडेपणाने आकसतं. कडक कातडं आणि हलणारं अंग अशी अवस्था आहे. तडे त्यातून येतात.

आता पट्ट्याचा ठसा. रेक्झिन म्हणजे व्हिनाइल, आणि तेही मऊ राहावं म्हणून त्यात तशीच द्रव्यं असतात. लॅकरला टेकून राहिलं की ती द्रव्यं लॅकरमध्ये शिरतात आणि तेवढा भाग मऊ, चिकट होतो. स्टँडची रबरी नळी, मानेवर तारा दाबायला लावतात त्या कॅपोचं रबर, डोक्यावर चिमटा लावून ठेवतात तो ट्यूनर, सगळ्यांचं हेच. डांबर गोळ्याही काढून टाका. नॅफ्थलीनची वाफ बंद केसमध्ये साठते आणि ती काही प्लास्टिकं आणि रेझिनं मऊ करते. कसर लागू नये म्हणून काकूंनी टाकल्या असतील, रेशमी साड्यांना टाकतो तशाच. पण गिटारीला त्या नकोत.

आणखी एक, जे तिकडे फार महत्त्वाचं आहे. डास चावू नयेत म्हणून अंगाला लावायची जी मलमं आणि फवारे असतात, त्यांतल्या डीईईटी नावाच्या द्रव्याने लॅकर आणि प्लास्टिक विरघळतं. हातावर ते असताना गिटार धरली तर तळव्याचा छाप कायमचा उमटू शकतो. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, तेही वाईट. संध्याकाळी गॅलरीत बसून वाजवायची असेल तर डासांसाठी पंखा लावा.

अबोली | २२ मे, रात्री ९:३०

पॉलिशवाल्यांना नाही कळवलं. थोडे हिरमुसले, पण ठीक आहे.

दर्यावर्दी, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. थोडक्यात वाचले मी.

पट्टी ४३ मिमी भरली. रेषा बहुतेक सगळ्या आडव्या आहेत, तारांना छेदणाऱ्या. थोड्या उभ्या, तारा पाटीवर जिथे अडकवतात त्या पुलाच्या (ब्रिजच्या) खालच्या बाजूला.

लाकूडवेडा | २२ मे, रात्री १०:१५

छान. गिब्सनने साठच्या दशकात अनुक्रमांक पुन्हापुन्हा वापरले, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून साल सांगता येत नाही. पण १९६५ मध्ये त्यांनी मान अरुंद केली, ती पट्टी ४० मिमीच्या आसपास आली. तुमची ४३ आहे म्हणजे त्याआधीची. आणि जे-४५ ला कडेचा लाल रंग १९६२ च्या सुमारास आला, तोवर कडा तपकिरी-काळ्या असत. म्हणजे १९६२ ते १९६५ च्या मधली.

आता आडव्या रेषांबद्दल. लाकूड लांबीच्या दिशेने थंडीत फारसं आकसत नाही, लॅकर मात्र बरंच आकसतं. म्हणून एकदम गार झालेल्या गिटारीवर लॅकर बहुतेक वेळा लाकडाच्या शिरांना आडवं तडकतं. बर्फातून घरी आणलेली केस गरम खोलीत लगेच उघडली की डोळ्यांदेखत, कधीकधी कानाला ऐकू येईल अशा टिकटिक आवाजात हे तडे जातात. तुमच्या पाटीवरचे आडवे तडे पुण्यातले असण्याची शक्यता कमी. ते मिशिगनच्या हिवाळ्यातले असावेत. पुलाखालच्या उभ्या रेषा मात्र लाकूड रुंदीत फुगून आकसून येतात. त्या आपल्याकडच्या उन्हाळ्या-पावसाळ्यांच्या.

हे तडे फक्त लॅकरमध्ये आहेत की लाकडात, ते बघणं गरजेचं. आतून बघा. भोकातून छोटा आरसा आणि मोबाइलचा दिवा घाला. खोली अंधारी करून दिवा आत ठेवला आणि बाहेरून एखाद्या रेषेतून उजेड दिसला तर लाकूड फुटलंय, मग माझ्यासारख्या कुणाकडे यायला हवं. उजेड दिसला नाही तर त्या रेषा तशाच राहू द्या.

शिसवी_मन | २३ मे, सकाळी ६:४०

घरी लाकडी वस्तूंना आम्ही खोबरेल लावतो. सुकलेल्या लॅकरला थोडं खोबरेल चोळलं तर त्याला मऊपणा परत नाही का येणार?

लाकूडवेडा | २३ मे, सकाळी ९:१०

नाही हो, कृपा करून नको. लॅकर तेल पीत नाही. तेल तड्यांतून थेट लाकडात उतरतं आणि तिथे काळपट डाग पडतो, तो निघत नाही. वर खोबरेल कालांतराने खवट होतं, चिकट होतं, धूळ धरतं. फर्निचरवर मारायचे चकाकीचे फवारेही नकोत, त्यांतल्या बऱ्याचशांत सिलिकॉन असतं. सिलिकॉन एकदा तड्यांत गेलं की पुढे कधी खरीच दुरुस्ती करायची वेळ आली तर नवं लॅकर तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. मेणाबद्दलही मी सावध आहे. धड थरावर पातळ हात चालतो, पण तड्यांत मेण भरलं की पांढऱ्या रेघा दिसत राहतात.

बापू_गॅरेज | २३ मे, दुपारी १:२०

कोल्हापूरहून. वाद्यातलं मला काही कळत नाही, पण "एनसी लॅकर" वाचून थांबलो. आमच्या वडिलांचं गॅरेज होतं, फियाट आणि अँबॅसेडर रंगवायचे. त्याला ड्युको म्हणायचे, अजून म्हणतात. ड्यूपाँट कंपनीने १९२० च्या दशकात मोटारींसाठी हा रंग आणला, त्याआधी व्हार्निशचे थर वाळायला आठवडे जायचे, हा तासांत वाळायचा. पुढे गिटारवाल्यांनीही तोच धरला असं मुलाने वाचून सांगितलं. म्हणजे ताईंची गिटार आणि आमची अँबॅसेडर एका घरातल्या.

वडिलांचा नियम होता, मृगाचा पाऊस सुरू झाला की ड्युको मारायचा नाही. थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग दुधाळ होतो. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी ते दसऱ्यानंतरची तारीख द्यायचे. तेव्हा जून-जुलैत कुणी "फक्त एक हात मारून देतो" म्हणालं तरी नकोच. घासून चकाकी आणायचं रबिंग कंपाउंडसुद्धा नको. आम्ही गाडीला ते वापरायचो कारण गाडीवर थर जाड असतात.

लाकूडवेडा | २३ मे, दुपारी ३:००

बापू, फार मोलाची माहिती. एनसीची एक खुबीही सांगतो. नवं लॅकर जुन्या लॅकरला विरघळवून त्यात एकजीव होतं. म्हणून एखाद्या ठिकाणी टवका उडाला तर थेंबभर लॅकरने भरता येतो, सांधा दिसत नाही. हीच खुबी धोक्याचीही आहे. थिनरचा एक थेंब सांडला की साठ वर्षांचा थर त्या जागी ओला होतो.

मिरजेची_माती | २३ मे, संध्याकाळी ७:४५

आमच्याकडे तंबोऱ्याला चपडा लाख, स्पिरिटमध्ये भिजवून, कापडाच्या बोळ्याने हात देतात. शेकडो हात. लॅकरपेक्षा हे सोपं, लागलं तर स्पिरिटनेच परत मोकळं करता येतं. जुन्या गिटारींवरही १९२० च्या दशकाआधी लाखेचंच काम असे, हे मला माझ्या मामांनी सांगितलं होतं, ते सतारी बनवायचे. लाखेला पाणी आणि उष्णता सोसत नाही. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ.

अबोली, भोकाजवळचं उघडं लाकूड घामाने काळवंडेल. तिथे लाखेचा अगदी पातळ हात द्यावा असं मला वाटतं. लाकूड बंद होतं आणि पुढे हवं तर काढता येतं.

लाकूडवेडा | २३ मे, रात्री ९:००

इथे मी थोडा वेगळं म्हणतो. लाख चांगलीच, पण तिच्यातलं स्पिरिट कडेच्या नायट्रो लॅकरला मऊ करतं. झिजलेल्या जागेची कड ही सगळ्यात नाजूक असते, तिथे थर पापुद्र्याइतका. नवशिक्याच्या हातून बोळा दोन मिलिमीटर जरी बाहेर गेला तरी ती कड सुटते. आणि ती जागा जशी आहे तशी साठ वर्षं टिकली आहे. रोज तासभर वाजवणार असतील तर सरावाच्या हाताने बारीक ब्रशने, कडेच्या आत राहून लाख द्यावी. आठवड्यातून एकदा वाजवणार असतील तर हात धुऊन वाजवणं पुरे.

मिरजेची_माती | २३ मे, रात्री ९:४०

हे पटलं. वाजवण्यावर ठरवावं. पण खोळ मात्र सुती शिवा. आम्ही तंबोऱ्याला जुन्या, खूप धुतलेल्या धोतराची खोळ करतो. नवं कापड खळीचं असतं, ते घासतं. पुसायलाही तेच. बटणं, हूक नकोत.

लोकलचा_सूर | २४ मे, सकाळी ११:३०

सगळं वाचलं. मी वाजवणारा माणूस आहे, आठवड्यातून तीन-चार कार्यक्रम करतो. मला एकच भीती वाटते, इतकं सगळं वाचून ताई ती केसमध्येच ठेवून देतील. लाकडी वाद्य वाजतं राहायला हवं. आयर्लंडच्या गिटारवादक रोरी गॅलघरने १९६३ मध्ये घेतलेली १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार आयुष्यभर वाजवली, घामाने तिचं बहुतेक सगळं लॅकर गेलं आणि तरी ती तिच्या आवाजासाठी ओळखली जाते. अमेरिकन गायक विली नेल्सनच्या मार्टिन कंपनीच्या गिटारीला पिकने, म्हणजे तारा छेडायच्या तुकड्याने, घासून घासून पाटीत भोकाशेजारी दुसरं भोक पडलंय, कारण ती नायलॉनच्या तारांची गिटार, तिला पिकपासून पाटी वाचवणारं पिकगार्डच नव्हतं. तरी तो तीच वाजवतो.

मी काय करतो ते सांगतो. वाजवण्याआधी साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे. उजव्या हाताला पूर्ण बाहीचा सुती शर्ट, कारण कोपराखालचा घाम पाटीच्या कडेवर पडतो. कमरेच्या पट्ट्याचं बकल गिटारीच्या पाठीला लागू नये म्हणून शर्ट बाहेर. वाजवून झालं की लगेच पुसायचं, मान आणि कोपराची जागा आधी. कार्यक्रमानंतर दमलेलो असतो तरी हे चुकवत नाही.

रसायनी | २४ मे, सायंकाळी ६:१०

लोकलचा_सूर यांच्याशी पूर्ण सहमत. आणि वर्षभर बंद केस ठेवू नका याला रासायनिक कारणही आहे. नायट्रोसेल्युलोज म्हातारं होताना नायट्रोजनची आम्लधर्मी वाफ सोडतं, आणि तीच वाफ साचली की उरलेल्याची झीज वाढवते. पिकगार्ड, कडेची पांढरी पट्टी, तारा पिळायच्या किल्ल्यांची बटणं सेल्युलॉइडची असली की जास्तच. जुन्या गिटारींच्या किल्ल्यांची बटणं सुरकुतून चुरा होतात ती अशीच. आठवड्यातून एकदा केस उघडून तासभर हवा खेळू द्या.

उजेडाचंही बघा. तुमचा लाल रंग गेलाय तो उन्हाने. तो परत येत नाही, पण उरलेला टिकेल. खिडकीची काच सगळं अतिनील थांबवत नाही, त्यामुळे उन्हाच्या भिंतीवर टांगू नका.

अबोली | २४ मे, रात्री १०:००

किती प्रेमाने लिहिताय सगळे. आता खरा प्रश्न. ठाण्यात जूनपासून भिंतींना ओल येते. पुण्यातली हवा वेगळी होती. पावसाळ्याचं काय करू? आणि पाठीवरचं पांढरं?

लाकूडवेडा | २५ मे, सकाळी ८:३०

पांढरं आधी. ती तीनपैकी एक गोष्ट असेल. बुरशी, जुन्या पॉलिशचा साका, किंवा लॅकरमध्येच शिरलेला ओलावा. एका कोपऱ्यात तोंडाने हाफ द्या आणि मऊ कापडाने हलकेच पुसा. पुसलं गेलं तर वरचंच आहे. मग कापड डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून इतकं पिळा की हाताला फक्त गार लागेल, आणि हातभर जागा पुसून लगेच कोरडी करा. उघड्या लाकडाला आणि जिथे कड सुटलीय तिथे पाणी लावायचं नाही. संग्रहालयातली माणसं जुन्या चित्रांसाठी थुंकी लावलेला कापसाचा बोळा वापरतात, विचित्र वाटेल पण तो खरंच चांगला स्वच्छ करतो.

मानेचा चिकटपणा बराचसा घाम आणि मळ असतो. पाण्याने न निघालेला मळ नॅफ्थाने निघतो, सिगारेट लायटरमध्ये भरतात ते द्रव. कापडाच्या टोकाला थोडंसं, खिडकी उघडी, जवळ ज्योत नाही, आणि आधी मान जिथे गिटारीच्या अंगाला मिळते त्या टाचेजवळ लपलेल्या जागी करून बघा. पेट्रोल नको, एनसी थिनर तर अजिबात नको, नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यानेही चिकट राहिली तर घामाने लॅकरच मऊ पडलंय, मग हात लावू नका. काही महिने वाजवून पुसत राहा, बऱ्याचदा थोडं घट्ट होतं.

केस वेगळी रिकामी करून उन्हात दोन दिवस. गिटार नाही, फक्त केस.

आता ओलावा. गिटारीच्या आतल्या बाजूला लॅकर नसतंच. लाकूड आतून उघडं असतं आणि हवा भोकातून आत जाते. म्हणून बाहेर कितीही थर चढवले तरी पावसाळा आत शिरतोच. उपाय हवेवर करायचा, गिटारीवर नाही. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के उत्तम, ४० ते ६० चालते. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवा. स्वस्तातला चालेल, पण आधी तपासा: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात चिखल होईल इतकंच पाणी, आणि हे झाकण मापकासोबत हवाबंद डब्यात दहा-बारा तास. आकडा ७५ यायला हवा. कमी-जास्त आला तर तेवढा फरक लक्षात ठेवायचा.

दर्यावर्दी | २५ मे, सकाळी ९:०५

ओलावा शोषणारं सिलिका जेल घाल, पण मापकाशिवाय नाही. मी एका वर्षी डबाभर घातलं आणि हवा इतकी कोरडी केली की पाटी खाली बसली. ते रंग बदलणारे दाणे स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नकोस, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. आमच्याकडे कपाटात पंधरा वॅटचा दिवा लावून ठेवायची जुनी पद्धत आहे, कॅमेरावाले आणि पियानोवाले दोघे करतात. कपाट मोठं असेल तर ठीक, पण दिवा केसला चिकटून नको.

लाकूडवेडा | २५ मे, सकाळी ९:३०

आता दोन्हीकडे काम करणाऱ्या पुड्या मिळतात, ४९ टक्क्यांच्या. हवा कोरडी असेल तर ओलावा देतात, जास्त असेल तर शोषतात. त्यांच्या कापडी पिशवीतच ठेवायच्या, लॅकरला टेकवायच्या नाहीत. केसच्या कडेचं रबर सैल असेल तर पावसाळ्यात त्या लवकर भरतात, मग सिलिकाची जोड लागते. एसीचं म्हणाल तर रात्री चालू, दिवसा बंद, हा झोका लाकडाला सगळ्यात वाईट. एका पातळीवर राहिलेला ६० टक्के मला ४० आणि ८० मधल्या रोजच्या हेलकाव्यापेक्षा बरा वाटतो.

अबोली | १४ जुलै, रात्री ९:२०

बरेच दिवसांनी लिहिते. सगळं क्रमाने केलं.

मिठाची परीक्षा घेतली, मापक ७१ दाखवत होता. म्हणजे चार कमी. आज बाहेर, चार धरून, ८६. केसमध्ये ५३. केसला कडेने जुन्या धोतराची दुहेरी पट्टी शिवून लावली, झाकण घट्ट बसतं. रविवारी सकाळी, पाऊस थांबलेला असला की तासभर उघडते.

पाठीचं पांढरं हाफ देऊन पुसलं, निघालं. बुरशीच होती. खाली लॅकर ठीक आहे, त्यावर शर्टाच्या गुंड्यांचे चरे आहेत, रांगेत चार. मानेचा मळ नॅफ्थाने निघाला, कापड काळं झालं. आता चिकटपणा एकाच जागी उरलाय, मानेवरच्या पहिल्या आणि तिसऱ्या धातूच्या पट्टीच्या (फ्रेटच्या) मधे. पट्ट्याचा ठसा गेला नाही. तो असू दे. आरशाने आतून बघितलं, उजेड कुठूनच दिसला नाही.

मागच्या आठवड्यात काकू आली होती. गिटार मांडीवर घेऊन तिने भोकाजवळच्या उघड्या लाकडावर बोट फिरवलं. म्हणाली, ते करंगळी इथे टेकवून वाजवायचे, मी किती वेळा सांगितलं लाकूड खाताय म्हणून. मला वाटत होतं ती झीज पिकची आहे. मिशिगनची थंडी आडव्या रेषांत आहे हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की पहिल्या हिवाळ्यात ते बसस्टॉपवर गिटार घेऊन पाऊण तास उभे होते, त्यांनी तसं पत्रात लिहिलं होतं. पत्र शोधते म्हणाली.

रोज अर्धा तास वाजवतेय. पूर्ण बाहीचा शर्ट घालून. मिरजेची_माती, त्या जागेला अजून लाख लावलेली नाही, पण काकूने ती करंगळीची जागा दाखवल्यापासून मीही करंगळी तिथेच टेकवतेय, त्यामुळे हिवाळ्यात विचार करावा लागेल.

एक शंका. पिकगार्डची खालची कड किंचित उचलल्यासारखी दिसते. कागद जेमतेम आत जातो. फेव्हिकॉलचा थेंब सोडू का?

लाकूडवेडा | १४ जुलै, रात्री ९:३२

नको. दाबूही नका. ते आकसतंय, चिकटवलं तर आकसताना खालचं लॅकर आणि लाकूड ओढून नेईल. आणखी कागद घालून बघू नका. उद्या उजेडात फोटो टाका, शेजारी मोजपट्टी ठेवून.